राणीसाहेबांचा मुक्काम

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. मी लोकांना गाडी शिकवते. शिकाऊ माणूस समोरच्या भिंतीला भेटायला निघाला की तो दुसरा ब्रेक मी दाबते आणि भिंत वाचते. पण ताईला घेऊन निघालं की तोच ब्रेक जिवावर उठतो. तेव्हा गाडी मी चालवते आणि शेजारी ताई बसते. वाटेत पडकी भिंत, बुजलेली विहीर किंवा नुसता संशयास्पद दगड दिसला की ती दोन्ही पाय रोवून ब्रेक दाबते. मागचा ट्रकवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि ताई खिडकीतून अर्धी बाहेर लटकून म्हणते, "अगं बघ, जुनं बांधकाम!" बहुतेक वेळा तो कुणाचा तरी गोठा निघतो.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते. लिहून पोट भरत नाही, म्हणून पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, शेजाऱ्याच्या नळाला जास्त आहे, असलं सगळं दिवसभर ऐकून घेते. तिच्या प्रत्येक कादंबरीत एक राणी असते, म्हणून कचेरीतले लोक तिला राणीसाहेब म्हणतात. "राणीसाहेब, आमच्या गल्लीत पाणी सोडण्याचा हुकूम द्या," असं म्हणून हसतात. तीही हसते. सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूने वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर ती लिहीत असते. करपल्याचा वास आला की मी समजते, कुठेतरी किल्ला पडला. मी उठून गॅस बंद करते. मी लग्नाच्या फंदात पडले नाही, तिच्याकडेच राहते, त्यामुळे पडलेले सगळे किल्ले मीच घासलेत.

तिची कामाची एक रीत आहे. जे जिथे घडलं तिथे जाऊन यायचं, आणि ज्या दिवसांत घडलं त्याच दिवसांत जायचं. हिवाळ्यातली लढाई असेल तर हिवाळ्यात जाऊन कुडकुडायचं. "पायाला कळलं नाही ते हाताने लिहू नये," असं ती म्हणते. मी म्हणते, पाय तुझे, पण पेट्रोल माझं जळतं.

ताईला एक मुलगी होती. आम्ही तिला छोटी म्हणायचो. पहिलीत असताना ती तापाने गेली. एवढंच सांगते, कारण आमच्या घरात ते याहून लांब कधी सांगितलं गेलं नाही. भावजी नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या गावी राहायला गेले ते तिकडचेच झाले. अधूनमधून त्यांचा फोन येतो. ते म्हणतात बरा आहे, ही म्हणते बरी आहे, आणि फोन ठेवला जातो. ताई लिहायला लागली ती छोटी गेल्यावर. तिच्या पुस्तकांत राजे मरतात, सरदार मरतात, हत्ती-घोडे तर विचारूच नका, पण मूल एकही मरत नाही. वेढ्यात सापडो, आगीत सापडो, शेवटच्या पानापर्यंत ते वाचतंच. मला हे दिसत होतं. मी कधी बोलले नाही.

यंदा उन्हाळ्यात तिला लेखकांच्या संमेलनाचं बोलावणं आलं. इतकी वर्षं ती मागच्या रांगेत बसून परत यायची. या वेळी मंचावर बोलावलं होतं. 'इतिहास आणि कादंबरी' या विषयावर बोलायचं आणि नव्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवायचं. संमेलनाचं शहर जिथे होतं तिथून नदीचा तो घाट दिवसभराच्या वाटेवर होता. नवी कादंबरी त्या घाटावरच घडते. ताईने डोळे मिचकावले. "एका दगडात दोन पक्षी." मी म्हटलं, "दोन नाहीत, तीन. तिसरा मी."

कादंबरीची गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. फार पूर्वी एक विधवा राणी राज्य गेल्यावर लहान मुलाला घेऊन पळाली. शत्रू मागे होता. नदीच्या घाटावर तिने मुक्काम केला. तिथे एक कोरीव दगड आहे. अभ्यासक त्याला नदीकाठचा लेख म्हणतात. त्यावर उन्हाळ्यातली एक तिथी आणि इतकंच आहे: 'बाळराजांसह येथे मुक्काम केला. उतार पडला नाही.' पुढे राणी नदीपलीकडे पोचल्याचे दाखले आहेत, पण बाळराजांचा उल्लेख कुठेच नाही. पोरगा गेला कुठे? अभ्यासकांनी आपापली डोकी खाजवली. ताईने मात्र तिचं उत्तर शोधलं होतं. नदीला पूर होता. पाण्याला उतार पडला नाही, म्हणून राणीला मुलासकट पलीकडे जाता येईना. शेवटी तिने त्याला एका धनगरणीच्या ओटीत घातलं आणि स्वतः एकटीने पुरात घोडा लोटला. पोरगा मेंढरांमागे वाढला, म्हातारा झाला. पुस्तकाचं नाव होतं 'पैलतीर'. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. घाट बघायचा आणि ते लिहायचं, असं तिने ठरवलं होतं.

संमेलनाचं सभागृह म्हणजे भट्टी होती. पंखे होते, पण ते मंचाकडे तोंड करून लेखकांचे कागद उडवण्याच्या कामी लागले होते. गळ्यात अडकवायच्या बिल्ल्यावर ताईच्या नावाखाली लेखिकेऐवजी 'लेखिकेसोबत' असं छापलेलं, आणि माझ्या बिल्ल्यावर 'लेखिका'. मी दिवसभर मोठ्या ऐटीत फिरले. दोघांनी माझी सहीसुद्धा घेतली. ताई हसून हसून रडायची बाकी होती.

जेवणाच्या वेळी सरबत वाटणाऱ्या पोरीने ताईपुढे ग्लास धरला. ताई म्हणाली, "बर्फ नको."

"अहो मॅडम, उकडून जीव जातोय!"

"बर्फाशिवाय असेल तर द्या. नाहीतर राहू दे."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ग्लासातला बर्फ चमच्याने काढून कुंडीत टाकला आणि तो ताईला दिला. हेही मी कित्येक वर्षं करत आलेय. आमच्या फ्रीजमध्ये बर्फाचा खण रिकामा असतो.

दुपारी ताई बोलली, छान बोलली. धनगरण बाळराजांना कुशीत घेते ते पान तिने वाचलं तेव्हा पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या तिच्या प्रकाशकाने मागे वळून लोकांकडे असं बघितलं, जणू त्यानेच वाचलं. मग प्रश्न सुरू झाले. मागून एक बाई उठल्या. हातात ताईचं जुनं, पानं सुटलेलं पुस्तक होतं.

"मी तुमची सगळी पुस्तकं वाचलीत," त्या म्हणाल्या. "एक विचारू का? तुमच्या कादंबऱ्यांत मुलं कशी काय मरत नाहीत हो? त्या काळी तर घरोघरी मरायची."

सभागृहात खसखस पिकली. ताईने क्षणभर माइक घट्ट धरला. "मरायला राजे आहेत की पुष्कळ," ती म्हणाली. "मुलांना कशाला त्रास?"

लोक मोठ्याने हसले. त्या बाई हसल्या नाहीत, हळूच खाली बसल्या. मला त्यांचा रागच आला. उठून म्हणावंसं वाटलं, बाई गं, पैसे पुस्तकाचे दिलेस, घरात शिरायचे नाही. संध्याकाळी खोलीवर ताई बिल्ला गळ्यात तसाच ठेवून पलंगावर बसली होती. म्हणाली, "ती बाई काही चुकीचं बोलली नाही. पण हा पोरगा जगलाय. दगडावरच लिहिलंय. उतार पडला नाही, म्हणजे तो अलीकडेच राहिला. मी पदरचं काही घातलेलं नाही."

तेव्हा मला कळलं की तिने या पोरावर केवढं ओझं टाकलंय. बाकीची मुलं तिने स्वतःच्या मर्जीने वाचवली होती. हे एकच असं होतं की ज्याच्या जगण्याचा पुरावा होता. तो हातून गेला तर पुस्तक तर जाणारच होतं, पण मला भीती पुस्तकाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ताई खुशीत होती. तिने तीनदा ब्रेक दाबला: एक गोठा, एक विटांची भट्टी आणि एक चक्क कचऱ्याचा ढीग. ढिगाच्या वेळी तीही ओशाळली. मांडीवर नकाशा होता. त्यात नदी बोटाएवढी जाड, निळी. "बघ केवढी आहे," ती म्हणत होती. "आणि दिवस हेच होते, कडक उन्हाळ्याचे. वर डोंगरात वळीव कोसळला असणार, दुसरं काय! एका रात्रीत दुथडी भरली असणार."

डांबरी रस्ता संपला, मग खडीचा संपला. पुढे बाभळींमधून चाकांच्या दोन रेघा तेवढ्या होत्या. उतरणीला वळलो, समोर नदी दिसली आणि ताईचे पाय ब्रेकवर गेले.

नदी म्हणजे वाळू होती. पांढरी, लांबरुंद, डोळ्यांत खुपणारी वाळू, आणि तिच्या मधोमध पाण्याची एक पट्टी. एक म्हातारी आपल्या शेळ्या घेऊन पलीकडून येत होती. शेळ्यांचे गुडघेही भिजत नव्हते. करडूसुद्धा चालत आलं.

ताई उतरली. चपला हातात घेऊन वाळू तुडवत पाण्यात गेली. पाणी पोटरीपर्यंतही आलं नाही. ती पार पलीकडे गेली, वळली, परत आली. मी काठावर उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, काहीतरी असू दे, काहीतरी निघू दे.

म्हातारी जवळ आली तशी मीच विचारलं, "आजी, वर कुठे धरण बांधलंय का?"

"धरण? इथं कोण बांधतंय बाई. पुढारी मतं मागायलाबी येत नाहीत."

"पूर येतो का नदीला?"

"येतो की. पावसाळ्यात येतो, घरं धरून बसावं लागतं."

"आणि या दिवसांत? डोंगरात वळीव पडला की?"

"या दिवसांत बादली बुडत नाही," म्हातारी म्हणाली. "माझ्या आजीच्या आजीपासून अशीच आहे ही. दगड बघायला आलात व्हय? तो तिकडं, झाडांखाली. नदीवर नाही." तिने काठीने दाखवलं आणि ती शेळ्यांमागे गेली.

दगड काठापासून बराच आत होता. चिंचेच्या दाट सावलीत. पूर उतरायची वाट बघणारा माणूस तिथे कशाला थांबेल? तिथून नदी दिसतही नव्हती. कोरलेली बाजू पाण्याकडे पाठ करून होती. पुस्तकातल्या फोटोत तो भला थोरला वाटायचा. प्रत्यक्षात माझ्या गुडघ्याएवढा होता. पुढे जमिनीला किंचित उंचवटा होता, हातभर रुंद, आणि लांबी म्हणाल तर फार नाही. भोवती कुणीतरी नदीतले गोटे बसवले होते.

मला अजून उमगलं नव्हतं. खरंच सांगते. मी बडबडत होते, "तेव्हा नदी वेगळी असेल गं. पात्रं बदलतात. नाहीतर उतार म्हणजे—"

आणि मी थांबले.

हा शब्द आमच्या घरातून गेलेला आहे. छोटीच्या आजारात दिवसरात्र तोच एक शब्द होता. डॉक्टर यायचे, विचारायचे, उतार पडला का? भावजी कामावरून फोन करायचे, उतार पडला का? शेजारी जिन्यात हळू आवाजात विचारायचे. ती गेल्यावर तापासाठी आम्ही तो शब्द पुन्हा वापरला नाही. कुणी ठरवलं नव्हतं. आमच्याकडे ताप कमी होतो, निघतो, जातो. उतार पडत नाही. शाळेतल्या पोराला सुद्धा जो अर्थ आधी सुचला असता, तो आम्हा दोघी बहिणींना इतकी वर्षं सुचला नाही. अभ्यासकांचं काय, त्यांनी एकदा 'नदीकाठचा लेख' म्हटलं आणि नदीच धरून बसले. पण ताईसारखी बाई, एकेका शब्दासाठी कोश उलटेपालटे करणारी, हा एकच शब्द तिने कधी कोशात काढून पाहिला नाही.

ताई त्या उंचवट्याशी खाली बसली. ओल्या पायांना वाळू चिकटलेली. तिने दगडावर हात ठेवला.

"नदी नव्हतीच," ती म्हणाली. "ताप होता गं."

मी तिच्याजवळ बसले. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बराच वेळ गोट्यांवरचा पाला एकेक करून उचलत राहिली. मग तिने छोटीचं नाव घेतलं. छोटी नव्हे, शाळेच्या हजेरीतलं, पूर्ण नाव.

"मी बर्फ आणायला गेले होते," ती म्हणाली.

"हो."

"खालच्या दुकानात नव्हता. नाक्यावर गेले. परत आले तेव्हा तू दारात उभी होतीस. तुझं तोंड बघून मला कळलं आणि मी बर्फ तसाच मोरीत टाकला. तुला कधी काही विचारलं नाही."

"नाही विचारलंस."

"आता विचारते. शेवटी काही बोलली का ती?"

इतकी वर्षं मी हे जपून ठेवलं होतं. न विचारता सांगायचं कसं? आणि विचारलं असतं तर सांगायचं कसं, तेही कळत नव्हतं. मी म्हटलं, "बोलली. 'आई आली का?' म्हणाली. मी म्हटलं, येतेय हं, निघालीय. मग डोळे मिटूनच म्हणाली, 'आली. जिना चढतेय. ऐकू येतंय मला.' हसली जराशी. आणि मग काही बोलली नाही."

ताईने माझ्याकडे बघितलं. "तेव्हा मी जिन्यात होते?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ज्या जागेवर आम्ही बसलो होतो तिथे खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हटलं. "जिन्यात कुणी नव्हतं. तू त्यानंतर बऱ्याच वेळाने आलीस."

"पण तिला ऐकू आलं."

"तिला ऐकू आलं."

मग ती रडली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलं रडतात तशी. छोटी गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मीही रडले. पलीकडे शेळ्या झाडपाला ओरबाडत होत्या आणि त्यांना आमचं काही सोयरसुतक नव्हतं.

परतीच्या वाटेवर एक खरोखरची जुनी वेस लागली, दगडी कमानीची. मी मुद्दाम गाडी हळू केली. ताईचे पाय ब्रेकवर गेले नाहीत. ती समोर बघत होती. मी गाडी पुढे काढली. एवढी उदास मी कधी कुठल्या रस्त्यावर झाले नाही.

घरी आल्यावर तिने 'पैलतीर'च्या गठ्ठ्यातून धनगरणीची सगळी पानं काढली. प्रकाशक घरी येऊन बसला. संमेलनात त्याच पानाला टाळ्या पडल्या होत्या, वाचक वाट बघताहेत, पोराला मारून तुम्हाला काय मिळणार, असं बरंच बोलला. ताईने ऐकून घेतलं. तक्रारी ऐकायची तिला सवय आहे. मग म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली." तो गेल्यावर ती टेबलाशी बसली. त्या दिवसांत घरात काही करपलं नाही. जेवण करायचं तिच्या लक्षातच राहत नव्हतं. चूल मीच सांभाळली.

पुस्तक आलं. नाव बदललं होतं, 'मुक्काम'. शेवटच्या प्रकरणात राणी तंबूत नाही. पोराचं कपाळ निववायला गार पाणी हवं म्हणून ती घोडा घेऊन वरच्या झऱ्यावर गेलीय. जवळ तिची धाकटी बहीण बसलीय. पोरगा डोळे मिटूनच म्हणतो, 'आई आली. घोड्याच्या टापा ऐकू येतायत.' बहीण बाहेर बघते. माळ रिकामा असतो.

मी ते पान स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

मग एका दुपारी फोन आला, मी उचलला. आवाज ओळखीचा वाटला. संमेलनात प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाई होत्या. मी फोन ताईला दिला. ताई ऐकत राहिली, हं हं म्हणत राहिली. मग बाईंनी काहीतरी विचारलं. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"हॅलो," मी म्हटलं. "मी तिची धाकटी बहीण."

"मला एवढंच विचारायचं होतं," त्या बाई म्हणाल्या. "त्याला टापा खरंच ऐकू आल्या का हो? की त्या मावशीने आईला बरं वाटावं म्हणून नंतर सांगितलं?"

"खरंच ऐकू आल्या," मी म्हटलं. "मी तिथे होते."